हायड्रोजन बस गोव्यात चालवून बघायची तर आधी नापास कशाला म्हणायचं ते ठरवा

पेडण्याहून रोज पणजीला कामाला येणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: "हायड्रोजनवरची बस दिल्लीत फिरली, लडाखात फिरली, पुणे-मुंबई मार्गावरही फिरणार म्हणतात. उद्या कदंब परिवहन महामंडळाने ती चाचणीसाठी गोव्यात आणली तर बस चांगली की वाईट हे ठरवायचं कसं? आणि इलेक्ट्रिक बस असताना हिची गरज तरी काय?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो सुटल्याशिवाय पहिल्याला हात घालण्यात अर्थ नाही.

हायड्रोजन बस ही मुळात इलेक्ट्रिक बसच. चाकं फिरवते ती विजेची मोटरच. फरक एवढाच की वीज चार्जरवरून भरून आणण्याऐवजी ती गाडीतच तयार होते. टपावरच्या टाक्यांत 350 बार दाबाने भरलेला हायड्रोजन फ्युएल सेलमध्ये येतो, बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन दुसऱ्या बाजूने येतो, मध्ये एक पातळ पडदा आणि त्यावर प्लॅटिनमचा लेप. वीज, उष्णता आणि पाणी एवढंच बाहेर पडतं. सोबत एक लहान बॅटरी असते, ती चढाला हातभार लावते आणि ब्रेक दाबला की परत मिळणारी वीज साठवते. बाजारात हायड्रोजन थेट इंजिनात जाळणाऱ्या गाड्याही आहेत. तो वेगळा प्रकार, त्याबद्दल इथे बोलत नाही.

आता हिशेब. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढून तो दाबून टाकीत भरेपर्यंत साधारण 60 युनिट वीज जाते. बारा मीटरची बस त्या किलोवर ढोबळमानाने 12 किलोमीटर धावते. म्हणजे किलोमीटरला 5 युनिट. बॅटरी बसला चार्जिंगमधली गळती धरूनही दीड युनिटाच्या आत भागतं. तेच अंतर, तेच प्रवासी, वीज साडेतीनपट. हा आकडा कुठल्याही कंपनीच्या सादरीकरणात पहिल्या पानावर नसतो.

ही वीज ग्रीडमधून घेतली तर आणखी पंचाईत. आपल्या देशातल्या ग्रीडच्या एका युनिटामागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे किलोमीटरला साडेतीन किलो. साधी डिझेल बस 0.8 ते 0.9 किलोत भागवते. (बॅटरी बसही ग्रीडच्या विजेवर डिझेलच्या आसपासच घुटमळते, हेही सांगायला हवं. तिच्यामुळे गावातला धूर आणि आवाज जातो, तो फायदा खरा.) म्हणून केंद्राने 2023 च्या ऑगस्टमध्ये ग्रीन हायड्रोजनची व्याख्या करताना किलोमागे 2 किलो कार्बन डायऑक्साइडची मर्यादा घातली. ती पाळायची तर वीज सौर किंवा पवनचीच हवी.

मग हायड्रोजन कुठे परवडतो? जिथे बॅटरी खरोखर अडते तिथे. लांब पल्ला, लांब घाट, मध्ये चार्जिंगला थांबायला वेळ नाही अशा फेऱ्या. हायड्रोजन दहा-पंधरा मिनिटांत भरून होतो आणि तीस-पस्तीस किलोत चारशे किलोमीटर निघतात. पणजी-मडगाव शटलला याचा काडीचा उपयोग नाही. ते अंतर पस्तीसेक किलोमीटरचं, दोन्ही टोकांना बसस्टँड, तिथे बॅटरी बस सुखाने चालते. पणजी शहरातल्या फेऱ्यांना तर अजिबातच नाही. गोव्यात या बसला काही काम असेलच तर ते राज्याबाहेर जाणाऱ्या गाड्यांत आहे: चोर्ला घाटाने बेळगाव, कोल्हापूर, आणि साडेचारशे किलोमीटरवरचं पुणे. एवढं मान्य असेल तरच चाचणीचं बोलूया.

चाचणी म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर येतो तो हिरवा झेंडा, हार घातलेली बस आणि पहिल्या सीटवर बसलेले मंत्री. त्याआधीची एक चाचणी वेगळी असते. टाक्या आगीत, धक्क्यात, जास्त दाबाला टिकतात का, गळती झाली तर झडपा आपोआप बंद होतात का, हे एआयएस-157 या मानकाप्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था तपासतात आणि सिलिंडरांना पेसोची, म्हणजे स्फोटक आणि दाबाखालच्या वायूंवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेची, मंजुरी लागते. ते झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर येतच नाही. त्यामुळे "बस सुरक्षित आहे का" हे बघायला महामंडळाने चाचणी घ्यायची नसते. महामंडळाने बघायचं ते वेगळंच: ही गाडी आपल्या वेळापत्रकात, आपल्या मेकॅनिकांच्या हातात, आपल्या पावसात रोज सकाळी डेपोतून बाहेर पडते का.

दिल्लीत 25 सप्टेंबर 2023 रोजी इंडियन ऑइल आणि टाटा मोटर्सच्या पहिल्या दोन बस कर्तव्यपथावरून निघाल्या. योजना 15 बसची होती आणि सगळ्या मिळून 3 लाख किलोमीटरहून जास्त धावणार असं तेव्हा जाहीर झालं. ऐकायला मोठा आकडा. पण बसमागे ते 20,000 किलोमीटर होतात, आणि बेळगावची एक जाऊन-येऊन फेरी रोज करणारी गाडी तेवढं अंतर अडीच-तीन महिन्यांत कापते. तंत्रज्ञानाची तोंडओळख म्हणून ते ठीक. पडदा किती झिजला, कंप्रेसर कधी दमला, हे एवढ्यात कळत नाही. लेहमध्ये एनटीपीसीने पाच बस आणि सोबत स्वतःचा 1.7 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा केला. तिथली परीक्षा साडेतीन हजार मीटरवरच्या विरळ हवेची. आपली परीक्षा त्याच्या अगदी उलट आहे, त्यामुळे तिथला निकाल इथे लागू होत नाही. मार्च 2025 मध्ये नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने 37 गाड्या, 9 पंप आणि 10 मार्गांचे पथदर्शी प्रकल्प मंजूर केले. त्यात पुणे-मुंबई आहे, तिरुवनंतपुरम-कोची आहे. गोवा नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तिरुवनंतपुरम-कोचीचा रस्ता समुद्राकाठचा, पाऊसही आपल्यासारखाच. तिथले आकडे मागवले तर आपली अर्धी फी वाचते.

आता जगात काय झालं ते थोडक्यात, कारण आपण नेमकं चुकीच्या गोष्टीकडे टक लावून बघतो. युरोपात 2003 ते 2006 मध्ये नऊ शहरांत 27 बस चालवल्या. तेव्हा गाड्यांना मदतनीस बॅटरी नव्हती आणि शंभर किलोमीटरला 20 किलोच्या वर हायड्रोजन लागायचा. आज तोच आकडा 7 ते 9 किलोवर आला आहे. म्हणजे बस सुधारली, यात वाद नाही. कॅनडात व्हिसलरला 2010 च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी 20 बस आणल्या आणि 2014 मध्ये बंद केल्या. त्यांचा हायड्रोजन देशाच्या दुसऱ्या टोकाहून, क्वेबेकहून ट्रकने यायचा. फ्रान्समधल्या माँपेलिए शहराने 51 बस घ्यायचं ठरवलं होतं आणि जानेवारी 2022 मध्ये बेत रद्द केला. हिशेब असा निघाला की हायड्रोजनवर किलोमीटरला 95 सेंट पडतात, बॅटरीवर 15. आणि नॉर्वेत जून 2019 मध्ये ओस्लोजवळच्या सँडविकाच्या पंपावर स्फोट झाला तो टाकीच्या एका प्लगचे बोल्ट नीट आवळले नव्हते म्हणून. त्यानंतर इतर पंपही बंद ठेवले गेले आणि धडधाकट गाड्या इंधनावाचून उभ्या राहिल्या.

या सगळ्यांत मुख्य अडचण बसची नव्हती. नापास झाला तो इंधनाचा पुरवठा, पंप आणि हिशेब. म्हणून गोव्यात चाचणी घ्यायची तर तिचा पहिला विषय बस नव्हे, हायड्रोजन कुठून येणार हा.

आपल्याकडे तीन वाटा दिसतात. पहिली सांकवाळची. तिथल्या खत कारखान्यात अमोनिया बनतो, म्हणजे त्याआधी हायड्रोजन बनतोच. पण तो नैसर्गिक वायूपासून, किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड सोडून. बसच्या किलोमीटरला ते पुन्हा 0.8 किलोच्या आसपास येतं, म्हणजे जिथे डिझेल आहे तिथेच आपण. दुसरी वाट कारवारची. बिणग्याला कॉस्टिक सोड्याचा कारखाना आहे आणि मिठाच्या पाण्यातून एक टन सोडा काढताना आपसूक 25 किलो हायड्रोजन सुटतो. असे कारखाने तो बहुतेक स्वतःच वापरून टाकतात. थोडा मिळालाच तर तो वाया जाणारा किंवा बॉयलरमध्ये जाणारा वायू आहे, त्यामुळे प्रदूषणाचा हिशेब बरा बसतो. तिसरी वाट स्वतः बनवण्याची. दहा बस, प्रत्येकी रोज 200 किलोमीटर, म्हणजे रोज सुमारे 165 किलो हायड्रोजन आणि 10,000 युनिट वीज. एक मेगावॉट सौर पॅनेल दिवसाला साधारण 4,000 युनिट देतात. म्हणजे अडीच मेगावॉट आणि दहाएक एकर उघडी जमीन, दहा बससाठी. गोव्यात दहा एकर सलग जमीन मागून बघा, ग्रामसभा काय म्हणते ते कळेल. शिवाय जून ते सप्टेंबर सूर्य रजेवर.

ट्रकने आणायचा म्हटलं तर लोखंडी नळकांड्यांचा जो लांब ट्रेलर येतो, त्यात 200 बारला तीन-चारशे किलोच हायड्रोजन मावतो. चाळीस टनांची गाडी, पण माल दहा बसला दोन दिवस पुरेल एवढाच.

आणि कुठूनही आणा, शुद्धता बघायला हवी. हे मी जरा ठासून सांगतो, कारण निविदांत "99.97 टक्के शुद्ध" एवढंच लिहून मोकळे होतात. प्रश्न उरलेल्या 0.03 टक्क्यात काय आहे याचा असतो. आयएसओ 14687 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कार्बन मोनॉक्साइड दहा लाख भागांत 0.2 पेक्षा जास्त चालत नाही, अमोनिया 0.1, क्लोरीनसारख्या पदार्थांची संयुगं 0.05 आणि गंधक तर 0.004. आता वरच्या वाटा पुन्हा बघा. सांकवाळच्या वायूत भीती कार्बन मोनॉक्साइडची आणि अमोनियाची, बिणग्याच्या वायूत क्लोरीनची. मोनॉक्साइडने मार खाल्लेला सेल शुद्ध वायू मिळाला की बराचसा सावरतो. गंधक प्लॅटिनमला चिकटलं की सहज सुटत नाही. म्हणूनच घरच्या गॅसला जो घाण वास मुद्दाम मिसळतात तो यात मिसळता येत नाही. त्या वासाच्या द्रव्यात गंधक असतं. तेव्हा प्रत्येक ट्रेलरचा नमुना, स्वतंत्र प्रयोगशाळेत, आणि अहवाल हाती येईपर्यंत तो ट्रेलर पंपाला जोडायचा नाही. गॅस पुरवणाऱ्याचं स्वतःचं प्रमाणपत्र चालणार नाही.

आता गोव्याच्या हवेकडे येऊ. लोक विचारतात, दमट हवेत ही गाडी चालेल का? ओलाव्याला घाबरायचं कारणच नाही. तो पडदा ओला असला तरच काम करतो, कोरडा पडला की खराब होतो. भीती आहे ती मिठाची आणि धुळीची. एक किलो हायड्रोजनमागे हा सेल साठ-सत्तर किलो हवा ओढतो. शंभर किलोमीटरला अर्धा टनाहून जास्त हवा त्या पडद्यावरून जाते. डिझेल इंजिन जे मुकाट गिळतं ते याला बाधतं: खाऱ्या वाऱ्यातले क्षार, पुढे चाललेल्या ट्रकचा धूर, वास्कोच्या बाजूला बंदरातल्या कोळशाची धूळ, डिचोली-साखळीकडे खनिजाची. त्यासाठी साध्या जाळीखेरीज रसायनं शोषणारा कोळशाचा फिल्टर असतो. कंपनी त्याचा बदल किलोमीटरवर सांगते. चाचणीत तो खरोखर किती दिवसांत भरतो ते बघायचं. माझा अंदाज, सांगितलेल्या अंतराच्या बराच आधी. फिल्टर महाग असतो आणि तो वेळेवर बदलला नाही तर त्याहून महाग स्टॅक, म्हणजे सेलचा अख्खा गठ्ठाच, जातो.

उष्णता हा दुसरा मुद्दा. डिझेल इंजिनाची बरीच उष्णता धुरांड्यातून निघून जाते. फ्युएल सेल 60 ते 80 अंशांवर चालतो, धूर जवळपास नाहीच, त्यामुळे जवळजवळ सगळी उष्णता रेडिएटरनेच बाहेर टाकावी लागते, तीही बाहेर पस्तीस अंश असताना. चोर्ल्याचा चढ मनात आणा. सोळा टनांची भरलेली गाडी पाच टक्के चढावर ताशी तीसने न्यायची तर नुसत्या चढाला आणि चाकांच्या घर्षणाला मिळून 75 किलोवॉट लागतात, वर एसी आणि मोटरमधली गळती. सेल 70 किलोवॉटचा असेल तर बाकीचं बॅटरी देते. चढ लांबला की बॅटरी उतरते, सेल पूर्ण जोरावर, रेडिएटरचे पंखे घोंगावतात आणि शेवटी गाडी स्वतःच वेग कमी करते. हे मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, भरलेल्या गाडीने, एसी चालू ठेवून बघायचं. डिसेंबरात सकाळी रिकामी गाडी घाट चढली याला मी चाचणी म्हणत नाही. प्रवासी बसवण्याआधी वाळूची पोती सीटवर ठेवून हे करता येतं, आणि तसंच करावं. पोती तक्रार करत नाहीत.

एक प्रसंग सांगतो. परराज्यातल्या एका डेपोत अशी बस काही महिने चालली होती, आम्ही मोजमापाला होतो. एक दिवस गाडी सुरूच होईना. ड्रायव्हरसमोरच्या स्क्रीनवर सूचना: इन्सुलेशनचा दोष, म्हणजे वीज कुठेतरी गळतेय. कंपनीची माणसं केबली तपासत बसली. शेवटी कळलं, रात्रपाळीच्या मेकॅनिकने थंडकाच्या (कूलंटच्या) टाकीची पातळी कमी दिसली म्हणून नळाचं पाणी ओतलं होतं. डिझेल गाडीवर त्याने आयुष्यभर हेच केलं होतं आणि कुणी हरकत घेतली नव्हती. पण फ्युएल सेलमधलं थंडक शेकडो व्होल्टच्या सेलमधून फिरतं, त्यात वीज वाहता कामा नये. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी ते वाहक झालं आणि गाडीने स्वतःला बंद करून घेतलं. सगळं थंडक काढून यंत्रणा धुऊन, आयन शोषणारा फिल्टर बदलून दोन दिवसांनी गाडी बाहेर पडली. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. टाकीच्या झाकणावर सूचना होती, पण इंग्रजीत आणि नखाएवढ्या अक्षरांत. गोव्यात बस आली तर ती पाटी मराठीत, कोकणीत, आणि वाचता येईल एवढी मोठी हवी. हे चाचणीच्या अहवालात येत नाही, पण गाडी किती दिवस उभी राहणार ते असल्याच गोष्टींवर ठरतं.

डेपोची शेड हा तसाच विषय. हायड्रोजन हवेपेक्षा चौदापट हलका, सुटला की सरळ वर जातो. उघड्यावर हे वरदान. पत्र्याच्या शेडमध्ये मात्र तो आढ्याखाली साचतो, आणि हवेत 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत कितीही असला तरी पेट घेतो. पेटायला लागणारी ठिणगीही नगण्य, पेट्रोलच्या वाफेच्या दहाव्या हिश्शाहून कमी. म्हणून छपराच्या अगदी वरच्या टोकाला वायू निघून जायला मोकळी वाट, तिथेच सेन्सर, आणि छतातले दिवे-पंखे ठिणगी न पडणाऱ्या जातीचे. दुरुस्तीसाठी टाकीकडे हात घालण्याआधी वायू बाहेर सोडायची जागा उघड्यावर. आमच्याकडच्या अनेक जुन्या शेडमध्ये पावसाचं पाणी येऊ नये म्हणून आढ्याच्या फटी ताडपत्रीने किंवा डांबराने बुजवलेल्या असतात. डिझेलला ते चालतं, इथे तेच घातक. आणि हायड्रोजनची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. जुन्या कारखान्यांत गळतीचा संशय आला की माणसं केरसुणी पुढे धरून चालायची. केरसुणी पेटली की ज्योत कुठे आहे ते समजायचं. आता ज्योत ओळखणारे कॅमेरे आणि हातात धरायची यंत्रं आहेत. ती चार्ज केलेली आहेत का हे मात्र रोज बघावं लागतं.

टपावरच्या टाक्यांबद्दल गोव्यापुरतं एक. या बसची उंची साध्या बसपेक्षा जास्त असते. सत्तरी-पेडण्यातल्या आतल्या रस्त्यांवर फणसाच्या फांद्या, लोंबणाऱ्या वायरी आणि पावसाळ्यात पडणाऱ्या माडाच्या झावळ्या-नारळ यांचा विचार दिल्लीतल्या चाचणीत कुणी केलेला नसतो. टाकी फुटणार नाही, ती त्याहून फार मोठ्या माराला तपासलेली असते. पण वरचं झाकण, पाइपांचे जोड आणि सेन्सर यांना मार बसतो, आणि सेन्सर गेला की गाडी उभी. चाचणीआधी मार्गावरून उंचीची काठी लावलेली जीप फिरवा. खर्च शून्य.

आता मोजायचं काय? किलोमीटरला किती हायड्रोजन लागला हे सगळे मोजतात आणि बहुतेक जण चुकीचं मोजतात, कारण दाबाचा काटा बघतात. भरताना वायू तापतो. गरम असताना 350 बारला थांबवला तर रात्रभर निवून सकाळी काटा 310-315 दाखवतो. ड्रायव्हर म्हणतो गळती आहे, व्यवस्थापक म्हणतो चोरी आहे. दोन्ही नाही. वजन काढायचं तर दाब आणि तापमान दोन्ही हवं. त्याहून महत्त्वाचा आकडा असा: पंपावर किती किलो आले आणि बसमध्ये किती किलो गेले. मधला फरक म्हणजे नळीतून सोडलेला, कंप्रेसरमधून निसटलेला आणि ट्रेलरमध्ये परत गेलेला वायू. पैसे आलेल्या किलोंचे द्यावे लागतात.

दुसरं, बस किती दिवस हजर होती. अमेरिकेतल्या ऊर्जा विभागाने या बससाठी लक्ष्य ठेवलं ते शंभरातले 90 दिवस गाडी तयार, रस्त्यात बंद पडण्याच्या दोन प्रसंगांमध्ये किमान 4,000 मैल, म्हणजे सुमारे 6,400 किलोमीटर, आणि सेलचं आयुष्य 25,000 तास. कॅलिफोर्नियात ओकलंडच्या एसी ट्रान्झिटच्या काही बसनी ते तास ओलांडलेही. तिथल्या नोंदींमधली मला आवडणारी गोष्ट अशी की गाडी उभी राहण्याची कारणं लिहिताना ते फ्युएल सेल, बॅटरी आणि साधी बस असे वेगळे रकाने करतात. बऱ्याचदा दोष निघतो दाराचा किंवा एसीचा. आपल्याकडेही तीन रकाने करा आणि चौथा जोडा: "बस ठीक, हायड्रोजन नाही". माझ्या मते गोव्यात चौथा रकानाच सगळ्यात आधी भरेल.

कंपनीचा इंजिनिअर गाडीत बसलेला असताना झालेल्या फेऱ्या वेगळ्या मोजाव्यात. तो आहे तोवर गाडी बंद पडत नाही, कारण बंद पडायच्या आत तो लॅपटॉप जोडून दोष पुसतो. सुरुवातीला त्याला राहू दे. नंतर त्याला पुण्याला पाठवा आणि मग घड्याळ सुरू करा.

किती काळ? एक पूर्ण वर्ष, पावसाळ्यासकट. त्यात चतुर्थीच्या आदल्या दिवसांची गर्दी आणि शिरगावच्या जत्रेची गर्दी यायलाच हवी, कारण तेव्हाच गाडी पायरीपर्यंत भरते आणि थांबत-थांबत चालते. मार्ग एकच, पणजी-बेळगाव चोर्लामार्गे, म्हणजे जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर आणि परत येऊन आपल्याच पंपावर. पंप मात्र शहराबाहेर. सोबत त्याच मार्गावर, त्याच वेळेच्या जवळपास, एक डिझेल आणि एक बॅटरी बस ठेवा. तुलना नसेल तर आकडे कितीही सुंदर असोत, त्यांचा उपयोग फक्त वार्तापत्रात.

आणि नापास कधी म्हणायचं हे पहिल्या फेरीच्या आधी लिहून सही करून ठेवा. माझा प्रस्ताव: गाडी शंभरातले 80 दिवसही तयार नसेल, घाटात एसी बंद करावी लागत असेल, हायड्रोजनचा खर्च बॅटरी बसच्या विजेच्या दुपटीहून जास्त येत असेल, किंवा वर्षभरात इंधनाअभावी पंधरा दिवसांहून जास्त बस उभी राहिली असेल, तर नापास. यातली दोन कलमं आजच्या दरांत जवळजवळ नक्की मोडतील हे मला माहीत आहे. तरी चाचणी घ्यायला माझा विरोध नाही, कारण मेकॅनिक शिकतील आणि आकडे आपले असतील. विरोध आहे तो चाचणीच्या नावाखाली पन्नास बस मागवण्याला.

करारात एक गोष्ट बघा, बाकी वकील बघतील. स्टॅकची हमी तासांमध्ये न घेता किलोमीटरमध्ये घ्या. सेल झिजतो तो चालू राहिलेल्या तासांनी आणि वारंवार चालू-बंद होण्याने. सरासरी वेग ताशी 35 असेल तर 25,000 तासांत पावणेनऊ लाख किलोमीटर होतात. पर्वरीसारख्या ठिकाणी रांगेत अडकत सरासरी 20 वर आली तर पाच लाखच. हमी आठ लाख किलोमीटर "किंवा 25,000 तास, जे आधी होईल ते" अशी लिहिलेली असेल तर कोंडीत उभ्या राहिलेल्या प्रत्येक तासाचं बिल महामंडळावर. आणि गाडीतला सगळा डेटा, सेलच्या प्रत्येक गटाच्या व्होल्टेजसकट, रोज महामंडळाच्या संगणकात यायला हवा, कंपनीच्या परवानगीशिवाय वाचता येईल अशा स्वरूपात.